पहिला पवित्रा



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय निवडण्याची मोकळीक मला दिली, आणि मी निवडलेला विषय पत्रिकेत छापून आला तेव्हा आपल्यापैकी काहींच्या भुवया वर गेल्या असतील याची मला कल्पना आहे. ज्या व्यासपीठावरून इतिहास, अर्थकारण आणि तत्त्वज्ञान यांची चर्चा व्हायची, तेथून मुलांच्या पडद्यावरील मारामारीवर बोलायचे! परंतु मला वाटते, ज्या गोष्टीत आपली मुले तासन्‌तास रमतात, तिच्याकडे पाहण्याचे दोनच मार्ग आपण वापरतो. एक, ती बंद करा म्हणून ओरडणे. आणि दुसरा, ओरडून दमल्यावर डोळेझाक करणे. तिसरा मार्ग समजून घेण्याचा आहे. आज तासभर त्या मार्गाने जाऊ या.

प्रश्न अगदी लहान आहे. युद्धकलेवर आधारलेला एखादा व्हिडिओ गेम मुलगा प्रथमच सुरू करतो. पडद्यावर पहिलाच प्रश्न उमटतो : तू कोणती युद्धशैली घेणार? त्याला अजून हात कसा उगारावा हेही माहीत नाही, कोणते बटण कशासाठी आहे ते ठाऊक नाही, समोर कोण येणार याचा पत्ता नाही. आणि निवड मात्र आताच करायची आहे. ज्ञान नंतर, निर्णय आधी. हा उलटा क्रम केवळ खेळात आहे असे आपण म्हणाल काय? मुलाने दहावीनंतर कोणती शाखा घ्यावी हा प्रश्न ज्या घरांत आज ना उद्या येणार आहे, त्या घरांना तरी तसे म्हणता येणार नाही. म्हणूनच हा लहानसा प्रश्न मला व्याख्यानाच्या योग्यतेचा वाटला.

प्रारंभी थोडा इतिहास सांगतो. जपानच्या कॅपकॉम कंपनीचा 'स्ट्रीट फायटर २' हा खेळ १९९१ साली आला आणि जगभर गाजला. त्यात आठ लढवय्ये होते व खेळाडूने त्यांतून एक निवडायचा असे. कुणी जपानी सुमो मल्ल, कुणी रशियन पैलवान, कुणी अमेरिकन सैनिक. आपल्या देशाचाही प्रतिनिधी त्यात होता, धालसिम नावाचा योगी. योगबळाने तो हातपाय वाटेल तेवढे लांबवी आणि तोंडातून आग ओकी! योगशास्त्राची ही फलश्रुती कोणत्या ग्रंथात आहे ते कॅपकॉमलाच ठाऊक. येथे मुद्दा एवढाच की, त्या काळी शैलीची निवड म्हणजे माणसाची निवड होती. माणूस घेतला की त्याचे डाव आपोआप आले. एक कुस्ती संपली, दुसऱ्या वेळी दुसरा घ्या. निवड हलकी होती, कारण ती क्षणाची होती.

पुढे २००५ साली कॅनडातील बायोवेअर या कंपनीचा 'जेड एम्पायर' आला. ही प्राचीन चीनच्या धर्तीवर रचलेली एक काल्पनिक कथा. येथे पात्र निवडले की त्याबरोबर शरीर, मन आणि आत्मबळ यांचे प्रमाण ठरे आणि सुरुवातीच्या शैलीही ठरत. पुढचा सगळा प्रवास त्या शिदोरीवर करायचा. निवडीला आता वजन आले.

परंतु मला ज्या खेळाविषयी विस्ताराने बोलायचे आहे तो २०१७ सालच्या ऑगस्टमध्ये निघाला. त्याचे नाव 'ॲब्सॉल्व्हर'. पॅरिसमधील स्लोक्लॅप नावाच्या एका छोट्या मंडळीने तो केला. अदाल नावाचे एक लयाला गेलेले साम्राज्य. त्याच्या पडक्या भिंतींतून मुखवटे घातलेले उमेदवार फिरताहेत. समोरून येणारा उमेदवार यंत्राने चालवलेला असेल किंवा हजारो मैलांवर बसलेला जिवंत माणूस असेल. तो नमस्कार करील की ठोसा लगावील हे आधी कळत नाही. या जगात उतरण्यापूर्वी खेळाडूला तीन शैलींपैकी एक घ्यावी लागते. काल्ट मेथड, फॉरसेकन आणि विंडफॉल अशी त्यांची नावे.

आता या खेळातील खुबी पाहा. आपली कल्पना अशी की, शैली म्हणजे मारण्याची पद्धत. कुणी मुठीने मारील, कुणी लाथेने. कुणी जोराने, कुणी चपळाईने. 'ॲब्सॉल्व्हर'मध्ये मुख्य भेद तेथे नाहीच. मारण्याच्या तऱ्हा कोणत्याही शैलीच्या खेळाडूला पुढे मिळवता येतात. शैलीने ठरते ते एवढेच, की समोरून तडाखा आला तर तुम्ही काय करणार? हा खेळ नवख्याला दारातच विचारतो, 'बाबा रे, मार तर खाणारच आहेस. तो कसा घेशील ते आधी सांग.' माझ्या मते या प्रश्नात मोठे शहाणपण आहे. वस्ताद नवा पोरगा आखाड्यात आल्यावर त्याला पहिल्याच दिवशी डाव शिकवीत नाही. आधी माती अंगाला लागू देतो आणि पडायचे कसे ते शिकवतो. त्यातलाच हा प्रकार.

तीन शैलींची तीन उत्तरे आहेत. काल्ट मेथडचे उत्तर आहे : सोसा. तडाखा अंगावर घ्या, पण डगमगू नका. योग्य क्षणी अंग घट्ट केले तर तो बसतो, पण तुमचा हात थांबत नाही. आणि लगोलग उलट प्रहार केलात तर गेलेली ताकद परत मिळवता येते. फॉरसेकनचे उत्तर आहे : झटकून टाका. येणारा हात डावीकडून येतो आहे की उजवीकडून हे ओळखून त्या बाजूला तो वळवायचा. साधले तर प्रतिस्पर्धी क्षणभर भांबावतो आणि त्याचे अंग उघडे पडते. चुकले तर तुमचे. विंडफॉलचे उत्तर आहे : तेथे असूच नका. डोक्याच्या रोखाने वार आला तर खाली वाका, पायावर आला तर उडी घ्या, सरळ समोरून आला तर बाजूला सरा. वार हवेत जातो, आणि तुम्ही असता त्याच्या बगलेशी.

सोसणारा, झटकणारा आणि चुकवणारा. श्रोतेहो, आपण आपल्या ओळखीची दहा माणसे डोळ्यांसमोर आणा. या तीन खणांत ती बसवता येतात की नाही पाहा. कचेरीत वरिष्ठ रागावले असता मुकाट ऐकून घेऊन दुसऱ्या दिवशी काम चोख करणारा एक असतो. तिथल्या तिथे उत्तर देणारा दुसरा असतो. आणि वरिष्ठांची स्वारी येणार हे आधीच ओळखून चहाला गेलेला तिसरा असतो. यांतला कोण श्रेष्ठ? तिघेही निवृत्त होईपर्यंत नोकरीत टिकतात, एवढेच मला दिसते.

आता नवखा खेळाडू निवडतो कसा? बहुधा तीन कारणांनी. पहिले कारण रूप. विंडफॉलची चाल डौलदार दिसते, म्हणून विंडफॉल. दुसरे कारण नाव. फॉरसेकन म्हणजे परित्यक्त, टाकून दिलेला. सोळाव्या वर्षी प्रत्येकालाच आपण तसे आहोत असे वाटत असते, म्हणून फॉरसेकन. तिसरे कारण सर्वांत रूढ आहे. मित्राला विचारायचे, 'सगळ्यात भारी कोणती?' आणि तो सांगेल ती घ्यायची.

हा 'सगळ्यात भारी कोणती' प्रश्न थोडा तपासला पाहिजे. प्रश्न चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. तो अपुरा आहे. भारी कुणासाठी? ज्याचा हात बसला आहे, ज्याने शेकडो लढती पाहिल्या आहेत, समोरच्याचा खांदा हलताच वार कुठून येणार हे ज्याला कळते, त्याच्या हाती फॉरसेकन भारी ठरेल. नवख्याच्या हाती तीच शैली म्हणजे उघड्या अंगाचे आमंत्रण. शिवाय जो सांगतो तो आजच्या स्वतःकडे पाहून सांगतो, आपण पहिल्या दिवशी कसे होतो ते विसरून सांगतो. वडीलधाऱ्यांच्या पुष्कळशा सल्ल्यांचे असेच होते. सल्ला खरा असतो, पण तो चाळिशीतल्या माणसाला लागू असतो आणि दिला जातो सोळाव्या वर्षाला.

मग नवख्याने ठरवावे तरी कशावरून? प्रत्येक शैली जिंकल्यावर काय देते ते सगळेच पाहतात; मी म्हणतो, ती चुकल्यावर काय शिकवते ते पाहा. थोडे बारकाईने बघू. सोसण्याला एकच गोष्ट कळावी लागते : वार केव्हा येणार. झटकण्याला दोन कळाव्या लागतात : केव्हा आणि कोणत्या बाजूने. चुकवण्यालाही वेळ आणि दुसरी गोष्ट कळावी लागते, पण ती दुसरी गोष्ट अधिक गुंतागुंतीची असते : वार वरचा, खालचा की सरळ, म्हणजे तो मुळात कोणत्या जातीचा.

म्हणजे काल्ट मेथड सर्वांत क्षमाशील झाली. नवख्याने ती घेतली तर तो पहिल्या दिवशी कमी वेळा पडेल. परंतु तिच्यात एक धोका दडलेला आहे. सगळेच वार सारखेच सोसता येतात म्हणून वारावारांतला भेद पाहण्याची गरज उरत नाही. महिनाभर जिंकूनही डोळा आंधळाच राहू शकतो. झटकण्यात दोनच पर्याय असल्यामुळे नुसत्या अंदाजाने निम्म्या वेळा यश येते. आणि नशिबाने मिळालेल्या यशाला कौशल्य समजण्याची सवय लागली की ती सुटता सुटत नाही. विंडफॉलमध्ये मात्र अंदाजाचा निभाव फारसा लागत नाही. तेथे पहिले काही दिवस मार भरपूर मिळतो, पण प्रत्येक मार नेमके सांगतो, की तू उडी घेतलीस आणि वार वरचा होता. चूक कुठे झाली हे ज्या शैलीत सर्वांत स्पष्ट कळते ती ही.

तेव्हा माझे उत्तर असे. ज्याला संध्याकाळी दोन घटका करमणूक हवी आहे त्याने काल्ट मेथड घ्यावी. त्यात कमीपणा काही नाही. ज्याच्यापाशी धीर आहे आणि ज्याला हा खेळ खरोखर शिकायचा आहे, त्याने विंडफॉल घ्यावी व आठवडाभर हार मोजू नये. आणि फॉरसेकन ज्याला मनापासून ओढते त्याने तीही घ्यावी. एक पथ्य पाळावे, की एखादा वार झटकला गेल्यावर स्वतःला विचारावे, 'मी पाहिले, की मला लागून गेले?' या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देणारा कोणत्याही शैलीत मागे पडत नाही.

निवड झाली, पुढे काय? पुढची रचना तर अधिकच मनोवेधक आहे. खेळात चार पवित्रे आहेत : उजवा आणि डावा, आणि प्रत्येक समोर तोंड करून किंवा पाठमोरा. प्रत्येक पवित्र्यातून तीन प्रहारांची एक साखळी आणि एक पर्यायी प्रहार. चार गुणिले चार, सोळा जागा. प्रत्येक प्रहार तुम्हांला एका पवित्र्यातून दुसऱ्यात नेऊन सोडतो. या सोळा जागांत कोणता प्रहार कुठे बसवायचा हे ज्याचे त्याने ठरवायचे. दोन खेळाडूंची मांडणी सारखी असण्याचे कारणच नाही. शिवाय दम नावाची पुंजी सांभाळावी लागते. मारण्यात दम जातो, अडवण्यात दम जातो, पळण्यातही जातो. दम संपलेला माणूस कोणत्याही शैलीचा असो, तो हरतो.

हे नवे प्रहार मिळतात कुठून? बाजारातून नाही. ते शत्रूकडून शिकायचे असतात. समोरचा जो प्रहार तुम्हांला येत नाही तो त्याने तुमच्यावर करावा लागतो आणि तुम्ही तो अडवावा लागतो, किंवा आपल्या शैलीने सोसावा, झटकावा वा चुकवावा लागतो. तसे केले की त्या प्रहाराचे थोडेसे ज्ञान तुमच्या खाती जमा होते. पण कच्चे! ती लढत जिंकलात तर ते पक्के होते. हरलात तर त्या लढतीत मिळवलेले वाहून जाते. म्हणून जाणता खेळाडू प्रतिस्पर्ध्याला घाईने पाडत नाही. त्याच्यापाशी नवे काही आहे असे दिसले की तो त्याला मारू देतो, पुन्हा मारू देतो, शिकून घेतो आणि मग संपवतो. शत्रूपुढे उभे राहून त्याचे विद्यार्थी होण्याचा हा प्रकार आहे. आपल्या कुस्तीत प्रत्येक डावाला तोड असते, आणि ती तोड डाव अंगावर घेतल्याशिवाय उमगत नाही, हे जुने पैलवान जाणतात. पॅरिसमधल्या या तरुणांनी तेच तत्त्व यंत्रात बसवले.

येथे आपल्या ध्यानात येईल, की सुरुवातीची शैली इतकी महत्त्वाची का. ती तुम्हांला कायमचे बांधते म्हणून नव्हे. पुढे खेळाडूला दुसऱ्या एखाद्या खेळाडूच्या तालमीत दाखल होता येते. तेथे त्या गुरूची शैली आणि त्याने केलेली प्रहारांची मांडणी वापरायला मिळते. झिंगलेल्या माणसासारखी लडखडणारी एक चौथी शैलीही आहे, ती सुरुवातीला मिळतच नाही, पुढे शिकावी लागते. पुरेशी मजल मारलेल्याला स्वतःची तालीम काढता येते व शिष्य जमवता येतात. म्हणजे पहिली निवड बदलता येते. परंतु पहिल्या शंभर लढतींत कोणत्या गोष्टीकडे पाहायचे हे ती ठरवते, आणि नजरेला लागलेले वळण शैली बदलली तरी सहसा बदलत नाही. पाटी पुसता येते. अक्षराचे वळण पुसता येत नाही.

याच मंडळींनी पुढे काय केले तेही सांगण्यासारखे आहे. २०२२ सालच्या फेब्रुवारीत त्यांचा दुसरा खेळ आला, 'सिफू'. सिफू म्हणजे गुरू. पित्याच्या हत्येचा सूड घेणाऱ्या एका चिनी तरुणाची ही कथा. पहिल्या खेळात तीन शैली देणाऱ्यांनी या खेळात निवड काढूनच टाकली. एकच शैली, पाक मेई. दक्षिण चीनमध्ये खरोखर चालत आलेली. तिच्यावरच सारा भार. त्याऐवजी त्यांनी दुसरी गोष्ट मोजायला घेतली : वय. नायक विशीत सुरू करतो. मेला की पुन्हा उठतो, पण वय वाढलेले असते. मृत्यूंची संख्या जसजशी वाढते तसतशी प्रत्येक मृत्यूची किंमतही वाढते, एक वर्ष, मग दोन, मग तीन. वय वाढले की प्रहाराचा जोर वाढतो आणि सोसण्याची ताकद घटते. सत्तरी उलटल्यावरचा मृत्यू शेवटचा.

दोन्ही खेळ शेजारी ठेवा. पहिला विचारतो, 'कोणती वाट?' दुसरा म्हणतो, 'वाट एकच आहे. तिच्यावर किती वर्षे घालवतोस ते सांग.' आपल्या पूर्वजांची बहुतेक पिढी दुसऱ्या खेळात जगली. सुताराचा मुलगा सुतार, भटाचा मुलगा भट. निवड नव्हती, आणि त्या नसण्यात पुष्कळांची घुसमट झाली हे विसरता येत नाही. आपली मुले पहिल्या खेळात जगत आहेत. त्यांना वाटा मिळाल्या, त्याबरोबर निवडीची धास्तीही मिळाली. तीन दारांपुढे उभे राहून जो मुलगा घाबरतो तो दुबळा नसतो. एक दार उघडले की बाकीची दोन बंद होतात असे त्याला कुणीतरी सांगितलेले असते. बहुधा आपणच.

कुणी म्हणेल, खेळात पडले तर दुखत नाही, पुन्हा सुरू करता येते. आयुष्यात तसे नाही. आक्षेप खरा आहे. बटणे दाबून कुणी मल्ल होत नाही, आणि जो मुलगा रात्र रात्र पडद्यापुढे बसतो त्याला मैदानावर पाठवणे हे आई-बापांचे कर्तव्य आहे. पण याच आक्षेपाची दुसरी बाजू पाहा. हरण्याची भीती न बाळगता निवड करण्याचा सराव मुलाला इतरत्र कुठे मिळतो? शाळेत एक गुण गेला तर घरात सुतक. येथे तो दिवसातून वीस वेळा हरतो आणि एकविसाव्यांदा उठतो. हरण्याची त्याला लाज वाटत नाही, कुतूहल वाटते. ते कुतूहल पडद्यावरून पुस्तकाकडे वळवता आले तर निम्मे शिक्षण झाले असे मी समजेन.

तेव्हा उद्या आपल्या घरचे मूल शैलीपुढे अडून बसले असेल, तर 'बंद कर ते' म्हणण्यापूर्वी त्याच्याजवळ बसा आणि विचारा, 'तुला मार बसतो तेव्हा तू काय करतोस रे? सोसतोस, झटकतोस की चुकवतोस?' तो जे उत्तर देईल ते खेळाविषयी असेल, पण त्यात त्याचा स्वभावही सापडेल. आणि पुढे शाखा निवडण्याची वेळ येईल, तेव्हा 'सगळ्यात भारी कोणती' हा मित्रांचा प्रश्न आपण विचारू नका. 'कोणत्या विषयात तू चुकलास तरी पुन्हा बसावेसे वाटते?' एवढाच विचारा. ज्या वाटेवरची हार माणसाला शिकवते ती वाट त्याची. मग ती कुठे जाते हे त्याच्या पायांवर सोपवावे.